थबकलेले पाऊल

दिल्लीच्या उत्तर भागात रिज नावाची खडकाळ टेकडी आहे. त्या टेकडीवर हिंदूराव रुग्णालय उभे आहे. दिल्लीकरांच्या तोंडी हे नाव रोजचेच असते. परंतु ते ज्यांचे, ते हिंदूराव घाटगे कागलच्या घाटगे घराण्यातले आणि दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने रिजवर बांधलेला बंगला, १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाल्यानंतर, हिंदूरावांनी विकत घेतला आणि ती जागा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे तेथे रुग्णालय झाले. आज त्या चढावरून रोज असंख्य माणसे उपचारासाठी जातात. कोणी भरभर चालतो, कोणी काठी टेकीत, कोणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून.

अशा कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापाशी आपण थोडा वेळ उभे राहिलो, असे समजा. सत्तरीच्या घरातील एक गृहस्थ येत आहेत. पाठ किंचित वाकलेली, पावले आखूड, हात शरीराला चिकटल्यासारखे. मोकळ्या वऱ्हांड्यातून ते हळूहळू का होईना, पण येतात. आणि खोलीच्या दाराशी पोहोचताच एकाएकी थांबतात. समोर अडथळा काहीच नाही, दार सताड उघडे आहे. पुढे जाण्याची त्यांची इच्छा आहे, वरचे अंग पुढे झुकलेलेही आहे. पण पावले जमिनीला खिळल्यासारखी झाली आहेत. गुडघे मात्र थरथरत असतात. मागचे लोक खोळंबतात. "बाबा, चला ना!" म्हणून मुलगा हात ओढतो, तो बाबांचा तोलच जातो. काही क्षणांनी पाऊल सुटते आणि ते आत जातात. गंमत अशी, की हेच गृहस्थ थोड्या वेळाने जिना मात्र फारशी अडचण न येता चढून जातात. हे पाहून घरच्यांना वाटते, की मनात आणले तर यांना चालता येते. हा सगळा हट्टीपणा आहे.

हा हट्टीपणा नव्हे. हे पार्किन्सनच्या आजाराचे एक लक्षण आहे आणि ते वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ कोड्यात टाकणारे ठरले आहे. हे कोडे उलगडण्यासाठी गेल्या सुमारे तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी एका अनपेक्षित साधनाची मदत घेतली. ते साधन म्हणजे आभासी वास्तव, ज्याला इंग्रजी शब्दांवरून आपण व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतो. मुलांच्या खेळांमुळे आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणामुळे परिचित झालेले हे तंत्र वृद्धांच्या चालण्याशी कसे जोडले गेले, हे समजून घेण्यापूर्वी हा आजार आणि मुळात चालणे या दोन्हींची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

१८१७ मध्ये लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आधार होता अवघ्या सहा रुग्णांचा. आणि त्यांतील काहींना तर पार्किन्सन यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. म्हणजे या आजाराची शास्त्रीय ओळख प्रथम पटली ती माणसांची चाल पाहून. पुढे झुकलेले शरीर, थरथरणारे हात आणि चालता चालता आपोआप धावण्याकडे वळणारी पावले ही लक्षणे त्यांनी नेमकी टिपली. त्यांचे नाव या आजाराला पुढे फ्रेंच डॉक्टर शार्को यांच्यामुळे मिळाले. आपल्याकडे आयुर्वेदात 'कंपवात' या नावाने वर्णिलेला विकार याच्याशी पुष्कळसा जुळतो. मात्र कंप हेच या आजाराचे सर्वस्व आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. काही रुग्णांना कंप जवळजवळ नसतो. त्यांचा खरा छळ मांडते ती हालचालीतील मंदता, स्नायूंचा ताठरपणा आणि बिघडलेली चाल.

आपल्या मेंदूच्या खोल भागात गडद रंगाच्या चेतापेशींचा एक छोटा पट्टा असतो. त्याच्या रंगावरूनच त्याला कृष्णद्रव्य असे म्हणतात. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. मेंदूच्या तळाशी चेतापेशींचे जे पुंजके असतात, त्यांच्याकडे हे रसायन संदेश पोहोचवते. हालचाल सुरू करणे, तिचा आकार ठरवणे, एका हालचालीला दुसरी जोडणे ही कामे या पुंजक्यांच्या साहाय्याने चालतात. पार्किन्सनच्या आजारात कृष्णद्रव्यातील पेशी हळूहळू नष्ट होतात. लक्षणे डोळ्यांना दिसू लागेपर्यंत त्यांतील बराच मोठा वाटा संपलेला असतो.

डोपामिनचे हे कार्य कळण्यात आपल्या मातीतील दोन वनस्पतींचा हात आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सर्पगंधेपासून मिळणारे रेसर्पिन हे द्रव्य दिल्यावर प्रयोगशाळेतील प्राणी निश्चल होतात आणि लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, असे स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले. या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि हे लेव्होडोपा आपल्या रानात कुंपणावर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत असते, हे भारतीय संशोधकांनी त्याच्या वीस वर्षे आधीच, १९३७ मध्ये, नोंदवले होते. लेव्होडोपा हे आजही या आजारावरील प्रमुख औषध आहे. त्याने ताठरपणा आणि मंदता पुष्कळ कमी होते. परंतु दाराशी खिळणारे ते पाऊल पुष्कळदा या औषधालाही पूर्णपणे दाद देत नाही.

आता चालण्याकडे वळू. चालणे ही आपण कष्टाने शिकलेली आणि शिकल्यावर विसरून गेलेली क्रिया आहे. एक वर्षाचे मूल एकेक पाऊल विचारपूर्वक टाकते. मोठेपणी आपण बोलत, हिशेब करीत, भाजी निवडत्या नजरेने बाजार न्याहाळीत चालतो. पाढे म्हणण्याशी याची तुलना करता येईल. बे एके बे सुरू झाले, की जीभ आपसूक पुढे जाते. मध्येच कोणी अडवले, तर मात्र पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते; कारण पाठ झालेला भाग ओळीने चालतो, त्यातला प्रत्येक टप्पा आपण जाणीवपूर्वक उचललेला नसतो. पार्किन्सनच्या रुग्णाची हीच आपसूक चालणारी ओळ तुटते. पावले लहान लहान होत जातात. चालताना हात हलत नाहीत. वळताना शरीर एकसंध फळीसारखे वळते. आणि कधी कधी ओळ पूर्णच थांबते; वैद्यकीय भाषेत याला चाल गोठणे असे म्हणतात.

गोठण्याच्या या क्षणी पाय स्वस्थ नसतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पायाला छोटे गतिमापक यंत्र बांधून संशोधकांनी त्याची कंपने मोजली आहेत. नेहमीच्या चालण्यातील पायाच्या हालचाली बहुतांशी सेकंदाला तीनपेक्षा कमी आवर्तनांच्या असतात. गोठलेल्या पायांत मात्र सेकंदाला ३ ते ८ आवर्तनांची थरथर आढळते. म्हणजे पाय निघण्याची धडपड करीत असतात, पण त्या धडपडीतून पाऊल निर्माण होत नाही. हट्टी माणसाचे पाय असे थरथरत नाहीत.

गोठणे कोठे घडते, याचाही एक नकाशा तयार झाला आहे. चालायला आरंभ करताना, वळताना, अरुंद जागेत, गर्दीत, घाई असताना, मन दुसऱ्या कामात गुंतलेले असताना, आणि दारात. दाराचे हे प्रकरण लंडनमधील संशोधकांनी बारकाईने तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दाराची रुंदी चालणाऱ्याच्या खांद्यांच्या रुंदीच्या प्रमाणात बदलली होती. दार जसजसे अरुंद होत गेले, तसतशी रुग्णांची पावले आखडत गेली. ज्यातून ते अंग न चोरता जाऊ शकले असते, अशा दारानेही त्यांची गती कमी केली. निरोगी माणसांत हा परिणाम फारच अल्प होता.

डॉक्टरांची अडचण आता तुमच्या लक्षात येईल. तपासणीच्या खोलीत रुग्णाला "जरा चालून दाखवा" म्हटले, की तो सर्व लक्ष पावलांवर एकवटतो. समोर डॉक्टर पाहत आहेत, जमीन मोकळी आहे, घाई नाही. आणि रुग्ण व्यवस्थित चालून दाखवतो! गोठणे घडते ते घरी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांमधल्या बोळात, दारावरची घंटा वाजली म्हणून उठताना, रस्ता ओलांडताना. ज्याचा अभ्यास करायचा, तेच अभ्यासकासमोर येत नाही. मुद्दाम घडवून आणावे तर रुग्ण पडण्याचा धोका; आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे अनेकदा कायमचे अंथरूण. गर्दीचा रस्ता प्रयोगशाळेत आणता येत नाही आणि रुग्णाला प्रयोगासाठी गर्दीच्या रस्त्यावर सोडता येत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याची दिशा दाखवली ती जिन्याने. नवे तंत्रज्ञान येण्याच्या कितीतरी आधी काही डॉक्टरांच्या लक्षात आले होते, की गोठलेल्या रुग्णासमोर जमिनीवर आडव्या रेघा असल्या, तर तो त्या ओलांडत चालू लागतो. इंग्लंडमधील पर्डन मार्टिन यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले आहे. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्या लागतात. चालण्याच्या दिशेनेच उभ्या आखलेल्या रेघांचा तसा उपयोग होत नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला चार पावले टाकणे कठीण होते, पण सायकलवर बसवताच तो सफाईने सायकल चालवीत गेला.

असेच एक निरीक्षण एका भारतीय घरातही घडले. मिलेहा सोनेजी या मूळच्या पुण्याच्या तरुणीने वस्तुरचनेचे पुढील शिक्षण नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे घेतले. त्यांच्या मोठ्या एकत्र कुटुंबातील एका काकांना पार्किन्सनचा आजार झाला. घरातील मुलांना हसवणारा हा माणूस चारचौघांत चहा-कॉफी पिण्याचे टाळू लागला, कारण हात थरथरून पेला हिंदकळत असे. त्यांच्यासाठी सोनेजी यांनी न सांडणारा पेला तयार केला. मग त्यांचे लक्ष काकांच्या चालण्याकडे गेले. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज चढतात-उतरतात, हे त्यांनी पाहिले. तेव्हा त्यांनी असा विचार केला, की जिनाच जमिनीवर आणला तर? त्यांनी कागदावर पायऱ्यांचा आभास निर्माण करणारे चित्र छापले आणि ते सपाट जमिनीवर अंथरले. पाहणाऱ्याला एकापुढे एक पायऱ्या दिसाव्यात, प्रत्यक्षात जमीन सपाटच. काका त्यावरून भराभर चालत गेले. चित्र संपले तेथे पावले पुन्हा अडखळली. २०१५ मध्ये डेल्फ्ट येथील एका भाषणात सोनेजी यांनी हा अनुभव चित्रफितीसह मांडला आणि तो जगभर पाहिला गेला.

त्या कागदाच्या पट्टीत आपला सगळा विषय सामावलेला आहे. काकांच्या पायांत बळ होते. चालण्याचे ज्ञानही शाबूत होते. हरवला होता तो आतून येणारा इशारा. डोळ्यांनी बाहेरून इशारा दिला, की पाऊल निघत होते. शास्त्रज्ञ याचे स्पष्टीकरण असे देतात : सवयीची हालचाल मेंदूच्या तळाशी असलेल्या पुंजक्यांच्या मार्गाने सुरू होते आणि या आजारात तोच मार्ग बिघडतो, परंतु डोळ्यांनी पाहिलेल्या लक्ष्याकडे पाऊल टाकताना लहान मेंदू आणि दृष्टीशी जोडलेले मेंदूचे इतर भाग अधिक कामाला लागतात, आणि हा दुसरा मार्ग बऱ्याच अंशी खुला असतो. घाटातील रस्ता दरड कोसळून बंद झाला, तर गाडी जुन्या वळणावळणाच्या वाटेने न्यावी, तसेच हे. या स्पष्टीकरणातील सर्व दुवे अजून पक्के झालेले नाहीत. तरीही एक प्रश्न आता नेमकेपणाने विचारता येतो, तो असा : डोळ्यांना नेमके काय दाखवले असता पाऊल थांबते, आणि काय दाखवले असता ते निघते?

प्रश्न 'काय दाखवले असता' असा झाला, की आभासी वास्तवाची उपयुक्तता वेगळी सांगावी लागत नाही. या तंत्रात डोळ्यांवर एक बंद चष्मा चढवतात. त्यात दोन्ही डोळ्यांसमोर एकाच दृश्याची किंचित वेगळी चित्रे असतात. आपले दोन डोळेही जग किंचित वेगळ्या कोनांतून पाहतात आणि मेंदू त्यांचा मेळ घालून खोलीची जाणीव निर्माण करतो. तसेच येथे घडते. चष्म्यातील संवेदक मस्तकाची प्रत्येक हालचाल टिपतात आणि संगणक त्याप्रमाणे दृश्य बदलतो. मान डावीकडे वळवली, की डावीकडची भिंत दिसते. पुढे चालले, की दार जवळ येते. हा बदल सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात व्हावा लागतो. त्याला उशीर झाला तर डोळे एक सांगतात, कान आणि स्नायू दुसरे सांगतात, आणि पाहणाऱ्याला बोट लागल्यासारखी मळमळ होते. काही वेळा चष्म्याऐवजी मोठा पडदाही वापरतात. आणि काही साधनांत खरी खोली दिसत असतानाच तिच्या जमिनीवर चष्म्यातून रेघा उमटवतात.

या विषयातील आरंभीच्या प्रयोगांत एक रुग्णच पुढे होता, ही बाब मला विशेष वाटते. टॉम रीस हे अमेरिकेतील पायांच्या विकारांचे डॉक्टर. त्यांना स्वतःला पार्किन्सनचा आजार झाला. जमिनीवर पत्त्यांसारख्या वस्तू ओळीने मांडल्या, की आपण त्या ओलांडत चालू शकतो, असे त्यांना आढळले. पण सगळ्या जगात पत्ते कोण मांडणार? १९९० नंतरच्या दशकात त्यांनी सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांबरोबर, पावलांपुढे आभासी खुणा दाखवणाऱ्या चष्म्यांवर काम केले. जगभर मायोपियाच्या भिंगांसारखा सहज मिळणारा असा चष्मा त्यातून तयार झाला नाही. वाट मात्र उघडली. इस्रायलमधील योराम बाराम यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या चष्म्यात चौकोनी फरशांची जमीन दिसे आणि ती रुग्णाच्या स्वतःच्या चालीप्रमाणे सरके. रुग्ण थांबला, की फरशाही थांबत. इशारा बाहेरचा, पण त्याची लय चालणाऱ्याच्या हाती, अशी ही योजना होती.

पुढे हेच साधन उलट दिशेने वापरले गेले. पाऊल सोडवण्याऐवजी ते का अडते, हे पाहण्यासाठी. कॅनडातील वॉटर्लू येथील संशोधकांनी २०१४ मध्ये एक धाडसी वाटणारा, प्रत्यक्षात पूर्ण सुरक्षित असा प्रयोग प्रसिद्ध केला. चष्मा घातलेल्या रुग्णांना एका फळीवरून चालायला सांगितले. एकदा ती फळी जमिनीवर ठेवलेली दिसे. दुसऱ्या वेळी तीच फळी खोल खड्ड्यावर टाकलेली दिसे. पायांखाली खरी जमीन दोन्ही वेळा सारखीच आणि सपाट होती. खड्डा दिसू लागताच, ज्यांना गोठण्याचा त्रास होता अशा रुग्णांची चाल अधिक वेळा गोठली. यावरून भीती ही गोठण्याचा केवळ परिणाम नसून तिचे एक कारणही असू शकते, असे पुढे आले. दारात अडकलेल्या बाबांवर मुलगा ओरडतो, तेव्हा काय होत असेल, याचा विचार या प्रयोगाच्या प्रकाशात करून पाहावा.

याहून अवघड प्रश्न असा, की गोठण्याच्या क्षणी मेंदूत काय चालते? मेंदूतील क्रिया दाखवणाऱ्या चुंबकीय प्रतिमायंत्रात रुग्णाला निश्चल पडून राहावे लागते. तेथे चालणार कसे? ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील सायमन लुईस यांच्या गटाने यावर युक्ती काढली. यंत्रात निजलेल्या रुग्णाच्या पायांशी दोन पायट्या ठेवल्या आणि डोळ्यांसमोर एक आभासी बोळ दाखवला. पायट्या आळीपाळीने दाबल्या, की रुग्ण त्या बोळातून पुढे सरके. वाटेत दारे येत आणि पडद्यावर थांबण्या-चालण्याच्या सूचना उमटत. त्या समजून घेण्यासाठी थोडा विचार करावा लागे. प्रत्यक्षात ज्यांची चाल गोठत असे, त्यांचे पाय येथेही पायटीवर मध्येच अडत. २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत असे दिसले, की अडण्याच्या क्षणी लक्ष आणि विचार यांच्याशी संबंधित भागांतील क्रिया वाढते, तर हालचालीशी संबंधित भागांतील क्रिया घटते. विचाराचा भार आणि पावलांचा भार एकाच वेळी पेलताना यंत्रणा कोलमडते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. निजलेल्या माणसाची पायटी आणि उभ्या माणसाचे पाऊल एकच नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. निजलेल्याला तोल सांभाळावा लागत नाही, आणि तोल हा चालण्याचा अर्धा भाग आहे.

या साधनाचा उपयोग केवळ कारणे शोधण्यापुरता आहे की रुग्णाच्या पदरात प्रत्यक्ष काही पडते? या प्रश्नाचे आजवरचे एक भक्कम उत्तर २०१६ मध्ये मिळाले. बेल्जियम, इस्रायल, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन या पाच देशांत, अनात मिरेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वारंवार पडणाऱ्या ६० ते ९० वर्षे वयाच्या ३०२ व्यक्तींवर प्रयोग केला. त्यांत पार्किन्सनचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. सर्वांना सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा चालपट्ट्यावर चालवले. निम्म्यांनी नुसतेच चालायचे होते. उरलेल्या निम्म्यांसमोर मोठा पडदा होता. कॅमेऱ्याने टिपलेली त्यांची स्वतःची पावले त्यावर दिसत, आणि त्या पावलांसमोर अडथळे, वळणे, अरुंद वाटा येत. पाऊल कधी उंच उचलावे लागे, कधी लांब टाकावे लागे, कधी मार्ग ठरवावा लागे. प्रशिक्षणापूर्वी दोन्ही गटांतील व्यक्ती सहा महिन्यांत सरासरी ११ च्या आसपास वेळा पडत. प्रशिक्षणानंतरच्या सहा महिन्यांत नुसते चालणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ८ वर आले, तर पडद्यासमोर चालणाऱ्यांत ते सुमारे ६ वर उतरले. पायांचे बळ दोघांनाही मिळाले होते. दुसऱ्या गटाला पाहता पाहता, विचार करता करता चालण्याचा सरावही मिळाला.

६ हा आकडा समाधानकारक म्हणता येईल का? महिन्याला एकदा पडणाऱ्या माणसाला तो तसा वाटणार नाही. शिवाय या तंत्राला काही मर्यादा आहेत. बंद चष्म्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत, त्यामुळे तोल जाऊ शकतो. म्हणून रुग्णाला छताला टांगलेल्या पट्ट्यांनी बांधून चालवावे लागते. या आजारात काही रुग्णांना नसलेल्या वस्तू दिसण्याचा त्रास होतो. त्यांना आभासी जग दाखवताना फार जपावे लागते. आभासी दाराला टेकून कोणी पडत नाही, हे जाणणारे मन खऱ्या दाराशी वागते तसेच येथे वागेल, याची खात्री देता येत नाही. आणि चष्मा काढल्यावर, रेघा नाहीशा झाल्यावर, सरावाचा किती भाग टिकतो, याबद्दल निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

आपल्या देशाचा विचार करता खर्चाचा प्रश्न येतोच. तरीही या महागड्या चष्म्यांनी शिकवलेली गोष्ट फुकट वापरता येते. आभासी फरशांनी जे सिद्ध केले, ते करण्यासाठी घरातील बोळात रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा पुरतात. त्या रुग्णाच्या सहज पावलाइतक्या अंतरावर, साधारण दीड ते दोन फुटांवर असाव्यात आणि जमिनीच्या रंगापेक्षा उठून दिसणाऱ्या असाव्यात. विशेषतः दाराच्या उंबरठ्यापलीकडे एक रेघ हवी, म्हणजे नजर चौकटीवर न अडकता पुढे जाते. डोळ्यांप्रमाणे कानांकडूनही इशारा मिळू शकतो. ठरावीक ठेक्यावर पाऊल टाकणे पुष्कळ रुग्णांना सोपे जाते. टाळाच्या ठेक्यावर मैलोगणती चालणाऱ्या वारकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले, आणि त्याच शहरातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना एकत्र आणण्याचे काम गेली अनेक वर्षे करीत आहे. अर्थात, कोणता इशारा कोणाला लागू पडेल, हे रुग्णागणिक बदलते. एकाला रेघ चालते, दुसऱ्याला तीच रेघ अडथळा वाटते. म्हणून औषधोपचार आणि व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावे लागतात.

आता पुन्हा त्या दाराशी येऊ. बाबा अजून तेथे उभे आहेत आणि मागे रांग वाढते आहे. तुम्ही त्यांच्याजवळ असाल, तर त्यांचा हात ओढू नका. वरचे शरीर पुढे येईल, पाय मागेच राहतील. "लवकर चला" असेही म्हणू नका. मागच्या लोकांना थोडे थांबायला सांगा. बाबांना सरळ उभे राहू द्या, एक श्वास घेऊ द्या, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलवू द्या. मग त्यांच्या पावलापुढे वीतभर अंतरावर तुमचे पाऊल आडवे ठेवा आणि ते ओलांडायला सांगा.